पावणेएकोणतीस इंचांचा सूर्य

संपादकांचा फोन आला तेव्हा मी नाशिक रस्त्यावर कुरुळीच्या अलीकडे अडकले होते. पुढे नव्याकोऱ्या गाड्या लादलेला कंटेनर, मागे कांद्याचा टेम्पो आणि मध्ये माझी रिक्षा. "यंदाच्या अंकाचा विषय 'वर्तुळ'," ते म्हणाले. "अध्यात्मातलं नको. शून्याचा शोध तर अजिबात नको, त्यावर चार लेख आलेत. तुम्ही कुठंतरी जा, बघा आणि लिहा." जाण्याची सोय नव्हतीच, रिक्षा हलत नव्हती. बघण्याची मात्र होती. डाव्या हाताला एका कारखान्याचं गेट होतं आणि गेटाच्या आत तीन खांब. पहिल्यावर तिरंगा, तिसऱ्यावर कंपनीचा झेंडा, आणि मधल्या खांबावर पांढरं कापड, नुसतंच लोंबणारं. वारा पडलेला. मग कुठूनशी एक झुळूक आली, कापड उलगडलं आणि त्यातून पूर्ण गोल, लालभडक सूर्य बाहेर आला. तेवढ्यात कंटेनर हलला.

चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात हा झेंडा नवलाईचा राहिलेला नाही. ऐंशीच्या दशकात आकुर्डीच्या बजाजनं कावासाकीशी हात मिळवला. माझ्या मामाकडे तेव्हाची केबी हंड्रेड होती आणि तिच्यावर बसलेल्या मामाच्या फोटोत मामापेक्षा गाडीच जास्त लक्षात राहते. आता चाकणला कावासाकीच्या मोठ्या मोटरसायकली जुळतात, ब्रिजस्टोनचे टायर बनतात. शिवाय त्यांच्या आगेमागे जपानी मालकीचे, जपानी भागीदारीचे किंवा फक्त जपानी गिऱ्हाइकावर चालणारे लहानमोठे कारखाने आहेत. खालुंब्रे, निघोजे, महाळुंगे, सावरदरी अशा गावांच्या हद्दीत आज एका दमात चार-पाच देशांचे झेंडे मोजता येतात. ते बघत कोणी थांबत नाही. फर्स्ट शिफ्टची बस पकडायची असते.

मी मात्र पुढचा दीड महिना त्या लाल गोलाच्या मागे लागले.

खांब व्हायचं

त्या गेटातून आत जायला ओळख काढावी लागली. अ‍ॅडमिनचे साहेब चहा मागवून आधीच म्हणाले, "कंपनीचं नाव नको." मग झेंड्यांचा विषय निघाला तसे खुलले. "झेंडा म्हणजे अ‍ॅडमिनचं काम. कँटीन, बस, झेंडे, पेस्ट कंट्रोल. सगळं एकाच फायलीत."

पहिला घोळ उजव्या-डाव्याचा झाला होता. २००२ ची आपली ध्वजसंहिता सांगते की परदेशी झेंड्यांबरोबर एका रांगेत लावताना तिरंगा सर्वांत उजवीकडे हवा. साहेबांनी गेटातून आत येताना उजवा हात धरला आणि खांब ठरवून टाकला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाणकार आला आणि म्हणाला, चुकलं. उजवं म्हणजे बघणाऱ्याचं नव्हे, झेंड्याचं. रस्त्यावरच्या माणसाला तिरंगा डावीकडे दिसला पाहिजे. हे साहेबांनी मला कागदावर बाण काढून समजावलं, तरी मी गोंधळलेच. गोंधळ काढला तो गेटवरच्या गार्डनं.

"खांब व्हायचं ताई," तो म्हणाला. "खांबावानी रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं. जेवायचा हात ज्या बाजूला, तिकडं तिरंगा."

हा गार्ड परभणीचा. घरी पाच एकर कोरडवाहू, इथे बारा तासांची ड्यूटी. झेंडे चढवणं आणि उतरवणं त्याच्याकडे. तिरंगा आधी चढवायचा आणि शेवटी उतरवायचा. चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. सगळे खांब सारख्या उंचीचे, कारण शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्याच्या वर लावायचा नाही असा जगभरचा रिवाज आहे. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं आणि त्यातलं काहीही त्यानं वाचलेलं नव्हतं.

साहेबांच्या दृष्टीनं जपान हा सगळ्यात सोयीचा देश. आपला झेंडा तीनास दोन, जपानचाही तीनास दोन, म्हणजे दोन्ही एकाच मापाच्या कापडात बसतात. जर्मनीचा पाचास तीन. ब्रिटनचा दोनास एक, म्हणजे लांबच लांब. तो आपल्या मापात कोंबला की आखूड, फुगीर दिसतो. शिवाय युनियन जॅक उलटा लागू शकतो. खांबाकडच्या अर्ध्या भागात तिरक्या पट्ट्याची रुंद पांढरी बाजू वर पाहिजे. साहेबांच्या आधीच्या नोकरीत, एका ब्रिटिश गिऱ्हाइकाच्या मानासाठी लावलेला झेंडा आठ महिने उलटा फडकत होता. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं, बोललं काहीच नाही. "ते बोलले नाहीत तेच जास्त लागलं," साहेब म्हणाले. "जपानचं बरं. वरखाली करा, पुढेमागे करा. हा झेंडा चुकूच शकत नाही."

एक अडचण मात्र होती. धूळ. रस्त्याची कायमची खोदाई आणि ट्रेलरांची रांग यांच्यात तो पांढरा रंग टिकत नाही. पंधरा दिवसांत झेंड्याचं फडकं होतं. म्हणून दोन जोड ठेवलेत. एक खांबावर, एक धुण्यात. या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तेव्हा धुणंही गुरुवारी.

दोरी आणि खिळा

"सगळ्यात सोपा झेंडा कुठला?" मी भोसरीतल्या एका शिंप्याला विचारलं. दुकान म्हणजे दहा बाय वीसचा गाळा, तीन शिलाई मशीन, वर माळ्यावर निवडणुकीतून उरलेले सर्व पक्षांचे गठ्ठे, शेजारी शेजारी, अगदी सलोख्यानं.

"लोकांना वाटतं जपानचा," ते काका म्हणाले. "पट्टे शिवणं सोपं. सरळ शिलाई मारायची, संपलं. गोल शिवणाऱ्याला विचारा."

छापील झेंडे आता सर्रास मिळतात. पॉलिस्टरवर गरम दाबानं रंग चढवला की गोल काठोकाठ येतो. पण मोठ्या मापाचा, बाहेर वाऱ्यात टिकायचा झेंडा काही गिऱ्हाइकं अजून शिवून मागतात. चार बाय सहा फुटांची ऑर्डर माझ्यासमोर टेबलावर होती. जपानच्या कायद्यात माप दिलेलं आहे: लाल गोलाचा व्यास झेंड्याच्या उंचीच्या तीन पंचमांश. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, त्याचे तीन पंचमांश अठ्ठावीस दशांश आठ. शिंप्याच्या टेपवर दशांश नसतो, सूत असतो. काकांनी टेबलात खिळा ठोकला, चौदा इंच तीन सूत दोरी धरली, टोकाला खडू. एक फेरी. पावणेएकोणतीस इंचांचा सूर्य तयार.

सोबत मी ज्या क्वालिटीच्या इंजिनिअरला घेऊन गेले होते, त्याच्यानं राहवलं नाही. "सव्वा मिलिमीटर कमी आहे," तो म्हणाला. काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "वाऱ्यात उभा राहून मोजणारेस का?"

खरी मेहनत पुढे होती. कापडाला उभा धागा असतो, आडवा असतो, आणि तिरकं ओढलं की ते ताणतं. सरळ पट्टीला याचा त्रास नाही. गोलाच्या कडेला मात्र चार ठिकाणी तिरपं अंग येतंच, तिथं शिलाई जरा ओढली गेली की गोलाचं अंडं होतं. म्हणून काका आधी खाली कागद घालतात, टाचण्या लावतात, कच्चा टाका घालतात आणि मगच मशीन चालवतात, तेही थांबत थांबत, कापड फिरवत. चुणी पडली तर उसवायचं. शेवटी झेंडा पालथा घालून मागचं पांढरं कापड गोलाच्या आतून कात्रीनं काढून टाकायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी लालच दिसतो. तसं केलं नाही तर मागून गोल गुलाबी दिसतो. मागचा काढलेला पांढरा गोल काकांनी चुरगाळून बाजूला टाकला. "हे पुसायला," ते म्हणाले.

मी हिशेब केला. या मापात लाल रंग झेंड्याच्या जेमतेम १९ टक्के जागेत बसतो. उरलेल्या ८१ टक्के जागेत काहीही नाही. चूक लपवायला काहीच नाही, असंही म्हणता येईल. तिरंग्याच्या चक्राला चोवीस आरे असतात, त्यातला एखादा किंचित कलला तर डोळा माफ करतो. इथं डोळ्याला दुसरं कामच नाही.

कुसुंबी

रंगाच्या बाबतीत मला वाटलं होतं की जपान्यांनी आकड्यांची भिंत उभी केली असेल. ज्या लोकांच्या ड्रॉइंगवर नटाच्या आट्याचाही टॉलरन्स लिहिलेला असतो, ते झेंड्याचा लाल रंग नंबराशिवाय कसे सोडतील? सोडला आहे. १३ ऑगस्ट १९९९ पासून लागू असलेल्या त्यांच्या ध्वजाच्या कायद्यात गोलाचा रंग फक्त 'बेनी-इरो' एवढाच सांगितला आहे. आणि 'चलता है' म्हणून बदनाम झालेल्या आपण काय केलं? भारतीय मानक संस्थेनं आपलं पहिलंवहिलं मानक, आयएस १, राष्ट्रध्वजालाच दिलं. १९५१ साली. त्यात तिन्ही रंगांचे आकडे आहेत, कापडाचं वजन आहे, धाग्यांची संख्या आहे. त्या मापाचे खादीचे ध्वज हुबळीजवळ बेंगेरीला होतात आणि आपल्याकडे नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत. हे सांगितल्यावर तो क्वालिटीचा इंजिनिअर इतका खूश झाला की त्यानं लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या टीमला कळवलं.

पण 'बेनी-इरो' म्हणजे नेमका कुठला लाल? बेनी हा रंग येतो बेनिबाना या फुलापासून, आणि बेनिबाना म्हणजे करडई.

मी हे गेटवरच्या गार्डला सांगितलं तेव्हा तो हसायलाच लागला. "करडई? आमच्यात ज्वारीच्या रानाला कडंनं पेरतात. काटं असत्यात, जनावर आत घुसत नाही." त्याच्या गावापासून जवळच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचं एक वाण काढलं, त्याचं नाव 'परभणी कुसुम'. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची करडई काढली, म्हणजे काढणी करणाऱ्या बायकांच्या हातांची सुटका झाली. आपण करडईकडे तेलासाठी बघतो, फार तर कोवळ्या पानांच्या भाजीसाठी. फुलांची आठवण होते ती केशरातल्या भेसळीच्या बातमीत.

फूल दिसतं पिवळं-नारिंगी, लाल रंग त्याच्या पोटात असतो. तो काढायला आधी पाकळ्या पाण्यात धुऊन धुऊन पिवळा रंग घालवायचा. तो पाण्यात सहज जातो. मग क्षाराच्या पाण्यात पाकळ्या भिजवल्या की लाल उतरतो आणि आंबट घातलं की तो कापडावर बसतो. जपानात हे आंबट म्हणजे धुरी दिलेल्या आलुबुखारासारख्या फळाचं पाणी. ढीगभर पाकळ्यांतून चिमूटभर लाल. त्यामुळे तो महाग, आणि त्यामुळे मानाचा.

आणि या रंगाला मराठीत नाव नाही असं समजू नका. आपला जुना 'कुसुंबी' तो हाच. कुसुंबा म्हणजे करडई, कुसुंबी म्हणजे तिच्या फुलात रंगवलेलं. लुगड्याच्या रंगांच्या यादीत आजी लोक हा शब्द सहज वापरायच्या. रासायनिक रंग आले, शब्द विरळ झाला. चाकणच्या हवेत फडकणाऱ्या जपानी सूर्याचा कायदेशीर रंग कुसुंबी आहे हे समजल्यापासून मला तो खांब जरा घरचा वाटू लागला. भोसरीच्या काकांकडे लालच्या तीन छटा आहेत: टोमॅटो, डार्क आणि मरून. जपानसाठी ते डार्क लावतात.

जहाजाची पाटी

झेंडा, ध्वज, निशाण, पताका. मराठीत प्रत्येक शब्दाची जागा वेगळी. पक्षाचा झेंडा असतो, राष्ट्राचा ध्वज. गडावर निशाण. आळंदी आणि देहू याच पट्ट्याच्या कुशीत, तिथल्या वारकऱ्याच्या खांद्यावर पताका. चाकणच्या संग्रामदुर्गावर १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यानं शाइस्ताखानाच्या फौजेला पन्नासहून अधिक दिवस झुंजवलं. अखेर गड गेला, म्हणजे निशाण उतरलं. या कुठल्याही शब्दात जपानचा गोल पहिल्यांदा बसत नव्हता. तो होता जहाजाची नंबरप्लेट.

जपान म्हणजे बेटांचा देश आणि दोन-सव्वादोनशे वर्षं जवळपास दारं लावून बसलेला. १८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजं धूर सोडत त्यांच्या किनाऱ्याला आली. परक्या जहाजांची ये-जा सुरू झाल्यावर आपलं जहाज कुठलं हे लांबून कळायला काहीतरी खूण पाहिजे होती. सात्सुमाचा सरदार शिमाझू नारिआकिरा यानं सूर्याचा गोल सुचवला आणि १८५४ मध्ये तो जपानी जहाजांसाठी ठरला. १८७० च्या फर्मानात व्यापारी जहाजांसाठी त्याचं माप लिहिलं गेलं. दर्यावर्दी खूण म्हणून ती झकास आहे: पांढऱ्यावर लाल गोल, धुक्यात दिसतो, वरखाली होत नाही, कोणत्याही गावचा रंगारी काढू शकतो. सूर्योदयाचा देश ही कल्पना अर्थातच त्याच्या कितीतरी आधीची. सातव्या शतकात चीनच्या सम्राटाला धाडलेल्या पत्रात जपाननं स्वतःची ओळख तशीच करून दिली होती. पण कल्पनेनं झेंडा होत नाही, कुणाला तरी दोरी लागते.

जहाजांच्या नावांनाही जपानात शेवटी 'मारू', म्हणजे गोल, लावतात. १९१४ मध्ये पंजाबी उतारूंना व्हँकुव्हरच्या बंदरातून परत पाठवलं गेलं ते जहाज आपल्याला माहीत आहे: कोमागाता मारू. लिहिताना त्याचं अक्षर तेच, गोलाचं.

१८७० च्या मापात एक गंमत होती. प्रमाण दहास सात आणि गोल अगदी मध्यावर नाही, खांबाकडे लांबीच्या शंभराव्या भागानं सरकलेला. बांगलादेशाचा लाल गोलही खांबाकडे सरकलेला आहे, कारण फडकताना कापडाचं मोकळं टोक आखडतं आणि मग गोल मध्यावर दिसतो. १९९९ च्या कायद्यानं जपानचा गोल मध्यावर आणला, प्रमाण तीनास दोन केलं, पण तूर्त जुन्या मापाचाही चालेल अशी पुरवणी जोडली. इंजिनिअर लगेच म्हणाला, "म्हणजे डेव्हिएशन दिलं!" शॉप फ्लोरवर ज्याला डेव्हिएशन म्हणतात तेच हे: ड्रॉइंग बदललं, पण जुना माल रिजेक्ट करायचा नाही.

या गोलाला सरकारी शब्दकोश नाही. मॉरिशसशी ताडून बघा. तिथं गिरमिटाच्या काळात गेलेली मराठी कुटुंबं आजही आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी आहे. १२ मार्च १९६८ ला त्या बेटावर जो झेंडा चढला त्यात चार आडवे पट्टे आणि प्रत्येकाचा अर्थ नेमून दिलेला: लाल स्वातंत्र्याच्या लढ्याचा, निळा हिंदी महासागराचा, पिवळा स्वातंत्र्याच्या प्रकाशाचा, हिरवा शेतीचा. शाळेतल्या मुलाला पाठ करता येतो. जपानच्या झेंड्यात पाठ करायला काही नाही. तो सूर्य आहे, बस्स. त्यामुळे त्यात ज्यानं त्यानं आपापलं भरलं.

मागे किरणं

काय काय भरलं गेलं, हे मला एका फ्लेक्सवरून समजलं. जपानहून पाहुणे येणार होते. एका पुरवठादार कंपनीनं गेटवर स्वागताचा फ्लेक्स सांगितला. डिझाइन करणारा मुलगा हुशार. नुसता लाल गोल त्याला ओकाबोका वाटला. आपल्याकडे दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर डोक्यामागे किरणं असतात, नसली तर दादा नाराज होतात. त्यानं इंटरनेटवरून सूर्याभोवती लाल किरणं असलेला 'भारी' झेंडा उचलला. रात्री अकराला प्रूफ कंपनीच्या दुभाषी बाईंच्या मोबाइलवर गेलं आणि त्या अंथरुणातून उठून बसल्या.

सोळा किरणांचा तो झेंडा जपानी फौजेचा आणि आरमाराचा. आजही त्यांचं सागरी दल तो लावतं. कोळ्यांच्या होड्यांवर भरपूर मासळीच्या आनंदात तशीच किरणं रंगवतात, एका मोठ्या वर्तमानपत्राच्या चिन्हातही ती आहेत, म्हणजे जपानात ती सगळ्यांनाच खुपतात असं नाही. पण ज्यांनी ती किरणं संगिनीच्या मागे बघितली त्यांना ती खुपतात, आणि ती माणसं या पट्ट्यात शेजारीच राहतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे, रांजणगावला एलजी आहे, कोरियन कुटुंबं पुण्यात आहेत. कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकली ती सोन की-चोंग या कोरियन धावपटूनं, पण छातीवर जपानचा लाल गोल आणि नावही जपानी करून. सोलच्या 'दोंग-आ इल्बो' या दैनिकानं त्याचा फोटो छापताना छातीवरचा गोल खोडून टाकला. त्याबद्दल पत्रकारांना अटक झाली, पेपर बंद पाडला गेला.

आपल्याही घरांत त्या गोलाची दोन नाती आहेत. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला मराठा पलटण, मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, चालून येणाऱ्या जपानी सैन्याविरुद्ध उभी होती. आणि त्याच्या तीनच महिने आधी, ३० डिसेंबर १९४३ ला, जपानच्या ताब्यातल्या पोर्ट ब्लेअरला नेताजींनी तिरंगा फडकवला होता. जपानी सैनिकाच्या अंगावर तेव्हा बहुधा एक लहान झेंडा असे, पांढऱ्या जागेत घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या सह्या. रिकामी जागा कशाला असते, याचं तेही एक उत्तर.

युद्धानंतर अमेरिकन ताब्यात झेंडा लावण्यावर बंधनं होती, ती १९४९ मध्ये उठली. पण जपानी माणसाच्या मनातला संकोच उठला नाही. ओकिनावा बेटावर १९८७ मध्ये एका दुकानदारानं क्रीडा महोत्सवातला झेंडा उतरवून जाळला. त्या बेटानं युद्धात फार सोसलं होतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी आत्महत्या केली. समारंभात झेंडा आणि राष्ट्रगीत असावं म्हणून वरून आग्रह, शिक्षकांचा विरोध, आणि मध्ये ते. त्यानंतर काही महिन्यांतच संसदेनं कायदा केला, खालच्या सभागृहात ४०३ विरुद्ध ८६ मतांनी. जहाजाची पाटी १२९ वर्षांनी कायद्यानं राष्ट्रध्वज झाली.

यातलं काही त्या रात्री डिझाइनरला सांगण्यात अर्थ नव्हता. बाईंनी फक्त एवढंच लिहिलं: "किरणं काढ. गोल ठेव. प्लीज."

मारू

या दुभाषी बाई चिंचवडच्या. जपानी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या, एकेक परीक्षा देत एन-टू झाल्या. पुण्यात ही भाषा शिकणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, आणि त्याचं एक कारण त्या व्याकरणात सांगतात. "हि म्हणजे सूर्य, मारू म्हणजे गोल, आणि मधला नो म्हणजे आपला चा-ची-चे. हिनोमारू, सूर्याचा गोल. शब्दांचा क्रमसुद्धा आपलाच. इंग्रजीतून गेलात की फसलात."

त्यांच्या डब्यात त्या दिवशी भात होता, आणि मधोमध लिंबाच्या लोणच्याची फोड. "हिनोमारू बेंतो," त्या म्हणाल्या. जपानात पांढऱ्या भाताच्या डब्यात मधोमध एक खारवलेलं लाल फळ ठेवतात, त्याला हेच नाव. साधा, काटकसरीचा डबा. लोणचं पिवळं आहे हे मी दाखवून दिलं. "असू दे," त्या म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.

नव्या नोकरीत त्या पहिल्यांदा ऑडिटला उभ्या होत्या तेव्हाची गोष्ट. जपानहून आलेले साठीचे गृहस्थ मशीनमागून मशीन बघत चालले होते, हातात चेकशीट आणि लाल पेन. दर ओळीला ते एक गोल काढत. लाल, ठळक, पूर्ण. मागून येणारा प्रॉडक्शनचा माणूस प्रत्येक गोलाबरोबर पांढरा पडत चालला होता. तिसऱ्या पानावर त्यानं बाईंना बाजूला घेतलं. "मॅडम, सगळंच चुकलंय का? एवढं तर कुणीच काढत नाही हो."

त्याची चूक नव्हती. आपल्या शाळेत गुरुजींचा लाल गोल म्हणजे चूक. शुद्धलेखन तपासून आलेली वही उघडताना आधी गोल मोजायचे. बरोबरची खूण वेगळी, ती टिक. जपानी शाळेत उलटं: बरोबर उत्तराला लाल गोल, आणि टिकसारखी खूण बहुतेक वेळा चुकीला. फारच छान लिहिलं तर गोलाभोवती पाकळ्या काढून त्याचं फूल करतात, त्याला हानामारू म्हणतात. शॉप फ्लोरवरही तेच चालतं: गोल म्हणजे ओके, त्रिकोण म्हणजे जरा बघा, फुली म्हणजे एनजी. त्या माणसाला त्या दिवशी एकूण चाळीस गोल मिळाले होते. ते बरोबर आहेत हे पटायला त्याला संध्याकाळ लागली.

"झेंड्याचा अर्थ मी एकदा माझ्या सेन्सेईंना विचारला होता," बाई म्हणाल्या. "ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, तो सूर्य आहे. पुढचं काही बोलले नाहीत. त्यांचा जन्म १९४२ चा."

परतताना मी पुन्हा कुरुळीच्या त्या गेटवर थांबले. सहा वाजायला आले होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिरंगा रात्रीही ठेवता येतो, पण या कंपनीनं सूर्यास्ताचा जुना रिवाज सोडलेला नाही. गार्डनं आधी कंपनीचा झेंडा उतरवला, मग जपानचा, सावकाश, कप्पी कुरकुरत. गोल खाली येताना घडीत जाऊन आधी अर्धा झाला, मग नाहीसा. शेवटी तिरंगा. तिन्हींच्या घड्या घातल्या, जपानचा नाकाजवळ धरून बघितला आणि धुण्याच्या पिशवीत टाकला. उद्या गुरुवार होता.

मग तो केबिनमध्ये गेला. टेबलावर कंपनीनं दिलेली चेकशीट: तारीख, चढवला, उतरवला, स्थिती. स्थितीच्या रकान्यात वरती छापलेलं, गोल, त्रिकोण, फुली. त्यानं तिरंग्यासमोर गोल काढला. कंपनीच्या झेंड्यासमोर गोल. जपानच्या झेंड्यासमोर पेन थांबवून माझ्याकडे बघितलं.

"मळलाय, पण फाटला न्हाई," तो म्हणाला आणि त्रिकोण काढला.